एकतिसाव्या लॉटचं कारण

जेवण झालं की दिगंबरराव कोठावदे तासभर आडवे होतात. नोकरीत होते तोवर दुपारची झोप कधी माहीत नव्हती. ही सवय निवृत्तीनंतरची. आज मंगळवार आहे. घरात दुसरं कोणी नाही. पंखा दोनवर फिरतो आहे आणि त्यांच्या पोटावर छापील कागदांचा एक गठ्ठा श्वासाबरोबर वरखाली होतो आहे. झोप दारापर्यंत येते आणि परत जाते. डोळे मिटले की त्या कागदांमधलं एकच वाक्य समोर उभं राहतं.

कागद म्हणजे कुमुदवरची पुस्तिका. कुमुद त्यांची बायको. गेल्या कार्तिकात गेली. वर्षश्राद्धाच्या दिवशी तिच्या कंपनीतले लोक ही पुस्तिका वाटणार आहेत. वर्षा नेरकर, जी आता कंपनी चालवते, ती सकाळी येऊन गठ्ठा देऊन गेली. "काका, एकदा नजर घाला. पाच वाजता प्रेसचा माणूस येईल, त्याच्या हातात द्या म्हणजे झालं."

त्यांनी नजर घातली. सगळं बरोबर आहे. इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाली ते साल बरोबर, वीज मंडळातली नोकरी बरोबर, सातपूरची शेड, पहिला डायोड, पुढची मोठी इमारत, पुरस्कार, सगळं. एक वाक्य सोडून. बाराव्या पानावर लिहिलं आहे की १९८७ साली भट्टीवरच्या एका कामगाराच्या हयगयीमुळे एकतिसावा लॉट पूर्ण वाया गेला आणि कंपनी बंद पडायची वेळ आली, पण मॅडम डगमगल्या नाहीत.

कामगाराचं नाव दिलेलं नाही. पण तेव्हा भट्टीवर माणूस एकच होता, भास्कर गांगुर्डे. तो सिन्नरला आहे, हयात आहे, आणि पुस्तिका त्यालाही जाणार आहे. हयगय त्याची नव्हती. दिगंबररावांना हे अडतीस वर्षं माहीत आहे. फक्त त्यांनाच.

पाच वाजायला अजून वेळ आहे. पंख्याचा आवाज लांब जातो. बोटं सैल होतात, आणि कागद पोटावरून घसरतात तरी ते हात पुढे करत नाहीत.

"पाय घ्या जरा आत."

ते पाय आत घेतात. पलंगाच्या पायथ्याशी कुमुद बसते. बसताना ती एक हात आधी गादीवर टेकवायची, तसाच टेकवते, आणि गादी तिच्या बाजूला दबते. ती आली याचं त्यांना काहीच वाटत नाही. तिच्या मांडीवर लोखंडी व्हाइस आहे, याचं मात्र नवल वाटतं. व्हाइसमध्ये अंगठ्याएवढा तांब्याचा तुकडा पकडलेला आहे आणि ती हॅक्सॉने तो कापते आहे. कीस चादरीवर सांडतो आहे.

"चादर कालच बदललीय," ते म्हणतात.

"झटकून टाका. तांबं आहे, डाग पडत नाही."

"कापतेस कशाला चांगली वस्तू?"

"चांगली कुठली, मेलेली आहे. बघायचंय आत काय असतं ते."

फ्रीज घुमतो आहे. आज जरा जास्तच घुमतो आहे. ते मान वळवून बघतात तर फ्रीजच्या जागी ट्रान्सफॉर्मर उभा आहे, त्याच्या खाली खडी पसरलेली आहे, आणि त्यांचा पलंग त्या खडीवर आहे. चारी बाजूंनी तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे कांद्याची चाळ. लासलगाव रस्त्यावरचं सबस्टेशन. ते इथे एकदाच आले होते, तिचा डबा राहिला होता म्हणून, सायकलवर.

कुमुद चोवीस वर्षांची आहे. साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात पुरुषी बूट. मंडळात बाईच्या मापाचे सेफ्टी बूट तेव्हा मिळायचे नाहीत. ती पुढे कापूस कोंबून घालायची.

"हे त्या चार्जरमधलं का?" ते विचारतात. "तू तेव्हा सांगत होतीस ते?"

"सांगत होते तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात."

"ऐकत होतो."

"'हं' म्हणालात. चार वेळा. मी मोजले होते."

त्यांना हसू येतं. खरं आहे. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून तावातावाने काहीतरी सांगत होती, आणि ते भूमी अभिलेख कचेरीत दिवसभर लोकांच्या जमिनींच्या भानगडी ऐकून थकलेले होते. आता मात्र त्यांना ऐकायचं आहे. मनापासून. चाळीस वर्षांचं ऐकायचं राहिलं आहे.

"आता सांग," ते म्हणतात. "पेपर नाहीये."

"सबस्टेशनच्या बॅटऱ्या भरायचा चार्जर होता. त्यातला हा एक डायोड गेला. एवढासा. बाहेरच्या देशातून यायचा होता. आज येईल, उद्या येईल. सात महिने लागले. सात महिने मी जुन्या ट्रकचा चार्जर जोडून रोज बॅटऱ्या भरल्या. आणि हा आला तेव्हा मी गेलेला फेकला नाही. घरी आणला."

"मग?"

"मग हे." हॅक्सॉ आरपार जाते. तांब्याचे दोन भाग होतात. ती आतून नखाने काहीतरी उचलते आणि त्यांच्या तळहातावर ठेवते. करड्या रंगाची चकती. नखाहून थोडी मोठी. एका बाजूला जळल्याचा काळा ठिपका.

"एवढंच?" ते म्हणतात.

"मी पण हेच म्हटलं. एवढंच? ह्याच्यासाठी सात महिने? आणि दुसरं लगेच मनात आलं की हे मला करता येईल."

"करता येईल असं कसं वाटलं? मला तर कधी असं काही वाटलं नाही."

"तुम्हाला वाटायचं की. तुम्ही सायकलचं पंक्चर स्वतः काढायचात."

त्यावरून त्यांना आठवतं की एक गोष्ट त्यांनी तिला कधीच विचारलेली नाही. लोक विचारायचे, वहिनींची कंपनी काय करते हो? ते सांगायचे, सेमीकंडक्टर. पुढे कुणी विचारायचं नाही, म्हणून निभायचं.

"हे करतं काय पण?"

कुमुद त्यांच्याकडे बघते. "एकवीस कोटी नग बाहेर गेले आपले. आणि तुम्ही आज विचारताय."

"आज विचारतोय."

"सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बघितलाय ना? हवा आत जाते, बाहेर येत नाही. हा विजेचा व्हॉल्व्ह. वीज एका बाजूने जाऊ देतो, उलटी येऊ देत नाही. वेल्डिंगच्या मशीनला लागतो, रेल्वेच्या इंजिनाला लागतो, सगळ्याला लागतो."

ते चकती उलटसुलट करून बघतात. किती सोपं होतं. दोन वाक्यांचं काम होतं.

"गेलेलं उलटं येत नाही," ते म्हणतात.

"नाही."

"मग तू कशी आलीस?"

"थोडं येतंच," ती म्हणते. तिच्या आवाजात तो शिकवण्याचा सूर येतो, जो कंपनीतल्या नव्या मुलींशी बोलताना यायचा. "शून्य कुणाचंच नसतं. प्रत्येक डायोड थोडंसं उलटं झिरपू देतो. किती झिरपतं, ते मोजायचं. आमचं सगळं कामच ते."

ती उठते. खडी करकर वाजते. "चला, कचेरीत चला. लोक खोळंबलेत."

"माझ्या कचेरीत?"

पण ते आधीच कचेरीत आहेत. भूमी अभिलेखचा तोच लांब लाकडी काउंटर, तीच हिरवी भिंत. अंगात बनियन आणि पायजमा आहे, त्यामुळे ते जरा संकोचतात. काउंटरपलीकडे लोकांची रांग आहे, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात सात-बाराच्या उताऱ्याऐवजी एकेक करडी चकती आहे. कपाटांच्या जागी भट्टी आहे. माणूस आडवा मावेल एवढी लांब, आणि तिच्या मधून काचेची नळी गेलेली आहे. नळीच्या तोंडाशी नारिंगी उजेड आहे. उष्मा गालाला लागतो.

ही सातपूरची शेड आहे. आणि ही कचेरीसुद्धा आहे. दोन्ही एकाच वेळी असण्यात अडचण काही दिसत नाही.

"नोकरी सोडलीस तेव्हा मी काय म्हणालो होतो?" ते विचारतात. हे त्यांना खरंच आठवत नाही.

"काहीच म्हणाला नाहीत. रात्री उठून पाणी प्यायलात दोनदा."

"भ्यालो होतो."

"माहीत होतं. मीही भ्याले होते. पण दोघांनी उठून पाणी पिऊन कसं चालेल, म्हणून मी पडून राहिले."

ती नळीच्या तोंडाशी जाते. लांब काचेच्या सळीने आतून काहीतरी ओढते. काचेची होडी बाहेर येते. वीतभर लांब, अंगाला खाचा असलेली, आणि प्रत्येक खाचेत एकेक चकती उभी. लाल झालेली. हवेत आल्यावर तिचा रंग हळूहळू उतरतो.

"ह्याला होडी का म्हणतात?" ते विचारतात.

"आत जाते, बाहेर येते. माल घेऊन." ती होडी काउंटरवर ठेवते. "हजार-बाराशे डिग्रीला ह्या चकत्यांमध्ये दुसरं द्रव्य मुरवायचं. अगदी थोडं. लोणच्यात मीठ मुरतं तसं, पण लाखात एक दाणा. म्हणून दुसरं काही आत गेलेलं चालत नाही. हाताचा घाम नाही, धूळ नाही, पावडर नाही. मी सगळ्यांना सांगितलं होतं. पावडर लावून यायचं नाही, गजरा घालून यायचं नाही. बायका रुसल्या होत्या माझ्यावर."

"आणि पूजा नाही," दिगंबरराव म्हणतात.

"आणि भट्टीच्या खोलीत पूजा नाही. खंडेनवमीला बाहेर दारावर हार घाला, फोटोला घाला, काय करायचं ते उंबऱ्याबाहेर करा."

काउंटरपलीकडची रांग आता नाही. दिगंबररावांचा उजवा हात ओला झालेला आहे. ते बघतात. हातात फोडलेल्या नारळाची अर्धी वाटी आहे, आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आहे. बोटांना हळद लागली आहे.

ते वाटी पाठीमागे लपवतात. कुमुदने बघितलेलं आहे.

"शेडची किल्ली तुमच्याकडे होती," ती म्हणते. तिचा सूर रागाचा नाही. हिशेब जुळत नसलेल्या मीटरकडे ती असंच बघायची, डोळे बारीक करून.

"दुसरी किल्ली. कचेरी सुटली की मी शेड बंद करून जायचो. त्या दिवशी तू लवकर गेली होतीस. भास्करही गेला होता."

"मग?"

अडतीस वर्षं जे तोंडातून निघालं नाही, ते इथं सहज निघतं, आणि त्यांना स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटतं. "सगळ्या नाशकातल्या मशिनींची पूजा झाली होती त्या दिवशी. लेथची झाली, रिक्षांची झाली, आमच्या कचेरीतल्या टाइपरायटरची झाली. तुझी एकटी भट्टी राहिली होती. नोकरी सोडून बसलेली तू. माझ्या मनात आलं, हिच्यावर कशाला उगाच कोप. हळद-कुंकू वाहिलं. नारळ फोडला, पाणी शिंपडलं. होडी बाहेरच ठेवलेली होती, दुसऱ्या दिवशीच्या कामाची. तिला दोन बोटं लावली. तीच तर सगळा माल घेऊन आत जाते असं तू म्हणायचीस."

"आणि पुसलीत."

"रुमालानं. चांगली घासून. चकचकीत दिसत होती गं."

"दिसते चकचकीत," कुमुद म्हणते. "आम्ही तिला आम्लात उकळतो. नारळाच्या पाण्यातलं मीठ रुमालाने जात नाही."

भट्टीतला उजेड जरा वाढतो. काउंटर आता त्यांच्या घरातलं जेवणाचं टेबल आहे, आणि टेबलावर परत आलेल्या मालाची खोकी आहेत. एकतिसावा लॉट. हे दृश्य त्यांनी खरोखरचं पाहिलेलं आहे: वेल्डिंग मशीनवाल्यांनी परत पाठवलेली खोकी, आणि कुमुद एकेक डायोड हातात घेऊन मीटर लावते आहे.

"थंड असताना सगळे पास होते," ती म्हणते. "म्हणून मी माल सोडला. मशीन तापलं की धडाधड गेले. गरम झाल्यावर झिरपणं वाढतं, ते मी बघितलंच नव्हतं. तेवढी माझी चूक. तेव्हापासून एकेक नग गरम तेलात बुडवून तपासायला लागले. पुढे लोक त्याच्यासाठीच आपला माल घ्यायचे. कोठावदे बाईंचा डायोड तापला तरी दगा देत नाही म्हणायचे."

"म्हणजे माझ्यामुळे—"

"अहो, उड्या नका मारू लगेच," ती म्हणते, आणि हसते. तिची ती हसताना डावी भुवई उचलायची सवय. "लॉट गेला तो गेलाच."

मग ते तो प्रश्न विचारतात, ज्याच्यासाठी झोप लागली असावी असं त्यांना वाटतं.

"तुला माहीत होतं का? मी केलं ते?"

कुमुद डायोड खाली ठेवते. ती उत्तर देणार म्हणून ते पुढे वाकतात.

"इथं मला तुमच्याइतकंच माहीत आहे," ती म्हणते.

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला जे माहीत नाही ते मी कुठून आणू? मी काय वेगळी आलेय का?"

त्यांना हे कळतं. कळतं आणि वाईट वाटतं, पण मनातली चौकशी थांबत नाही. "निदान तर्क करून सांग. भास्करवर संशय कसा गेला तुझा?"

"त्याच्या तळहाताला घाम यायचा. खूप. त्याला मी इंजेक्शनच्या काचेच्या अँप्युल बनवणाऱ्या कारखान्यातून आणलं होतं, काचेचं काम त्याच्यासारखं कुणाला येत नव्हतं. पण तळहात कायम ओले. मी त्याला एक चकती हातात धरायला लावली, मग तपासली. झिरपत होती. मला वाटलं, सापडलं. कारण सापडलं की इंजिनिअर पुढे शोधत नाही."

"त्यानं काय म्हटलं?"

"काही नाही. हात धोतराला पुसले. मी त्याला पॅकिंगला टाकलं. सहा महिन्यांत सोडून गेला. सिन्नरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं म्हणे."

"तू गेली होतीस का कधी त्याच्याकडे?"

"तुम्ही गेला होतात का?"

टेबलावर खोकी नाहीत. एक जाड रजिस्टर उघडं आहे. त्यांना ते ओळखीचं वाटतं. तिच्या टेबलावर कायम असायचं. प्रत्येक लॉटला एक ओळ. तारीख, नग किती, पास किती, नापास किती, आणि शेवटी कारण. एकतिसाव्या लॉटपुढे कारणाच्या रकान्यात तिच्या अक्षरात लिहिलेलं आहे: हाताळणी, भा. गां.

कुमुद पेन पुढे करते.

ते पेन घेतात आणि ओळीवर आडवी रेघ मारायला जातात. ती मनगट धरते. हात कोमट आहे.

"खोडायचं नाही. माझ्या रजिस्टरमध्ये खाडाखोड नाही. चुकीचं लिहिलं असेल तर ते तसंच राहू द्यायचं, खाली खरं कारण लिहायचं, आणि ज्यानं लिहिलं त्यानं सही करायची."

"आमच्याकडंही असंच," दिगंबरराव म्हणतात. ते एकदम जागे झाल्यासारखे बोलतात, जरी ते जागे नाहीत. "सात-बारावर खाडाखोड नसते. फेरफार घालायचा. जुनी नोंद दिसलीच पाहिजे."

"बघा. इतकी वर्षं एका घरात राहून हे आज कळतंय." तिला मजा वाटते आहे. "मग घाला फेरफार. पण थांबा. बोटं उघडी आहेत तुमची."

ती पदराच्या गाठीतून एक छोटीशी रबरी टोपी काढते. बोटाच्या पेराएवढी, गुंडाळलेली, पांढुरकी. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर टेकवते आणि अंगठ्याने खाली उलगडत नेते, अगदी मुळापर्यंत. घट्ट बसते. बोट एकदम परक्याचं दिसायला लागतं.

"भास्कर गेल्यानंतर आणल्या ह्या," ती म्हणते. "सगळ्यांना सक्तीच्या केल्या. पहिल्या दिवशी सगळे हसत होते. मी नव्हते हसत."

"घट्ट आहे गं."

"असू दे. लिहा."

ते लिहायला वाकतात. पेन कागदावर टेकतं आणि थांबतं. तीस वर्षं फेरफाराच्या नोंदी केलेला माणूस आहे तो. नियम हाताला पाठ आहेत.

"असं नाही लिहिता यायचं मला," ते म्हणतात.

"का?"

"आधी नोटीस लागते. ज्याचं हित गुंतलंय त्याला आधी कळवायचं. त्याला त्याचं म्हणणं मांडू द्यायचं. मग नोंद मंजूर. ह्याच्याशिवाय घातलेला फेरफार रद्द होतो."

भट्टीचा उजेड तिच्या चष्म्यावर आहे, म्हणून डोळे दिसत नाहीत. ती आता चोवीस वर्षांची नाही. सत्तरची आहे, शेवटच्या महिन्यात होती तेवढी बारीक, आणि स्वेटर उलटा घातलेला आहे.

"मग नोटीस कुणाला?" ती विचारते.

"तुला ठाऊक आहे."

"मी म्हटलं ना, तुमच्याइतकंच."

"कुमुद, थांब. अजून विचारायचंय. त्या चकत्या कापायच्या कशा, ते नाही सांगितलंस. आणि पहिला डायोड चालला तेव्हा तू कुणाला सांगितलंस? मला नाही सांगितलंस. मी घरी आलो तेव्हा तू भाकरी करत होतीस, आणि..."

"सांगितलं होतं," ती म्हणते, आणि गादी तिच्या बाजूने हलकी होते. "तुम्ही 'हं' म्हणालात."

पंख्याचा आवाज जवळ येतो. फ्रीज घुमतो आहे, नेहमीएवढाच. दिगंबररावांच्या तोंडाला कोरड पडली आहे. कागद पलंगाखाली विखुरले आहेत. भिंतीवरचं घड्याळ सव्वाचार दाखवतं आहे.

ते उठून बसतात. पायथ्याशी चादर सपाट आहे. तांब्याचा कीस नाही. ते हात फिरवून बघतात, वेड्यासारखं, कुठे एखादा कण लागतो का म्हणून. काही लागत नाही.

मग चष्मा घ्यायला उजवा हात पुढे करतात आणि तिथेच थांबतात. पहिल्या बोटाच्या मुळाशी गोल वळ उठला आहे. पूर्ण कडं, पांढरट, कातडी आत दबलेली, जशी घट्ट रबर बराच वेळ ठेवून काढल्यावर दबते. त्यावरचं पेर थोडं ओलसर आहे, सुरकुतलेलं. ते बोट उजेडात धरून बघतात. दुसऱ्या हाताने चाचपतात. अंगठी ते घालत नाहीत. बोट दोऱ्यात अडकलं होतं का म्हणून चादरीची कड बघतात, उशीची खोळ बघतात. दोरा कुठेच नाही. कसं झालं असेल याचा ते थोडा वेळ विचार करतात, आणि मग त्यांच्या लक्षात येतं की वळ फार टिकणार नाही.

भास्कर गांगुर्डेचा नंबर त्यांच्याकडे आहे. दशक्रियेला तो आला होता. मागे उभा होता. नंबर मात्र वहीत लिहून गेला. वहीतून बघून ते त्याच बोटाने एकेक आकडा दाबतात.

"हॅलो," म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मागे टीव्ही चालू आहे.

"भास्करराव, दिगंबर कोठावदे बोलतोय. नाशिकहून."

"साहेब! नमस्कार, नमस्कार. तब्येत बरी आहे ना? जेवण वगैरे व्यवस्थित चाललंय ना?"

"चाललंय. भास्करराव, एक सांगायचंय. तो नारळ मी फोडला होता."



"कुठला नारळ, साहेब?"

तर हे असं आहे. त्याला काहीच ठाऊक नाही. आडवळण घ्यायला जागाच नाही. दिगंबरराव सगळं सांगतात, कचेरीत अर्ज वाचून दाखवायचे तसं, एकामागून एक: सत्त्याऐंशी साल, खंडेनवमी, दुसरी किल्ली, हळद-कुंकू, होडी, रुमाल. भट्टीत नारळाच्या पाण्यातलं मीठ त्यांच्या हातून गेलं. त्याच्या हातून नाही. पुस्तिकेत चुकीचं छापायला निघाले आहेत, आणि खरं काय ते त्यांना स्वतःच्या नावानिशी छापायला सांगायचं आहे; पण त्याआधी त्याला कळवणं भाग होतं. त्याचं काही म्हणणं असेल तर तेही छापतील.

पलीकडचा टीव्ही बंद होतो.

"साहेब," भास्कर म्हणतो. आवाज बारीक झाला आहे. "मी अजूनसुद्धा कुणाच्या घरी गेलो की भांड्याला हात लावत नाही. नातीला उचलून घेतलं नाही कधी, ती तान्ही होती तेव्हा. म्हटलं, आपल्या हातातच काहीतरी आहे. बाईंनी मशीनवर दाखवलं होतं ना. मशीन खोटं कसं बोलेल?"

दिगंबरराव फोन डाव्या हातात घेतात.

"घाम तर होताच हो माझ्या हाताला," भास्कर म्हणतो. "पण मी होडीला हात नव्हता लावला. चिमट्याने धरायचो. मी म्हणालो होतो तेव्हा. एकदाच म्हणालो."

"चुकलो, भास्करराव. मी लपवलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.

"फोन ठेवू नका. थांबा, हिला बोलावतो. हिच्यासमोर पहिल्यापासून परत सांगा." आणि फोन तोंडापासून लांब नेऊन तो हाक मारतो, "अगं, ऐकलंस का? हातातलं काम राहू दे, इकडं ये आधी!"

लांबून कुणीतरी काय झालं म्हणून विचारतं. चपलांचा आवाज जवळ यायला लागतो. दिगंबरराव फोन डाव्या कानाला लावून थांबले आहेत. उजवा हात गुडघ्यावर आहे. बोटावरचा वळ बराच उतरला आहे. अंगठ्याने चाचपलं तर कड मात्र अजून लागते.